डीलरशिपचं अ‍ॅग्रीमेंट आणि खराब मालाचं पान

माझा मावसभाऊ बुधवार पेठेत इलेक्ट्रिकल मालाचा डिस्ट्रिब्युटर आहे. नवीन कंपनी आली की अ‍ॅग्रीमेंट माझ्याकडे येतं, मी काही वकील नाही पण परचेसमध्ये नोकरी केल्यामुळे असले कागद वाचायची सवय आहे. यावेळचा माल गिझर. मार्जिन, टार्गेट, क्रेडिट, सगळं दादाने आधीच घासाघीस करून ठरवलेलं, आणि खराब मालाबद्दल एकच परिच्छेद, की ग्राहकाचा कुठलाही क्लेम आला तर कंपनीचं नुकसान डिस्ट्रिब्युटरने भरून द्यायचं. अरे, गिझर बनवणार तुम्ही, हा तर खोकंसुद्धा उघडत नाही!

दादाचं म्हणणं, कायद्याने जबाबदारी कंपनीचीच ना, मग कशाला वाद घालायचा. अर्धं बरोबर आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा (20 जुलै 2020 पासून लागू) सांगतो की मालात उत्पादनाचा दोष असेल तर उत्पादक जबाबदार, आणि विकणारा ठराविक बाबतीतच अडकतो, जसं की मालात फेरफार केला, कंपनीने दिलेल्या सूचना ग्राहकाला दिल्याच नाहीत, उत्पादकाचा पत्ताच लागत नाही, किंवा कंपनीपेक्षा वेगळी स्वतःची हमी दिली. ही शेवटची भानगड आपल्याकडे फार. "बिनधास्त न्या हो, काही झालं तर मी बसलोय ना इथे" हे तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रिकल बाजारात दिवसभर ऐकू येतं, आणि तेच कुणी बिलावर लिहून दिलं की संपलं. स्वतःच्या नावाचा स्टिकर लावून दुसऱ्याचा माल विकणाऱ्यांचं तर विचारूच नका, कायद्याच्या नजरेत तेच उत्पादक.

पण हे सगळं ग्राहकाच्या बाजूने. ग्राहकाला कंपनीने पैसे दिले आणि मग त्या परिच्छेदावर बोट ठेवून तेच दादाकडून मागितले तर? 1872 च्या करार कायद्यात अशी भरपाईची हमी चालते. आणि दादा स्वतः ग्राहक आयोगात जाऊ शकत नाही, कारण विकायला घेतलेल्या मालाचा तो ग्राहक नाहीच. उरतो 1930 चा माल विक्री कायदा, माल चांगला असला पाहिजे वगैरे त्यात आहे खरं, पण करारात लिहून ते काढून टाकता येतं, आणि इथे शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात काढलेलंच होतं 😄

आम्ही चार गोष्टी मागितल्या. उत्पादनाच्या दोषाची भरपाई उलट कंपनीने आम्हाला द्यायची, आमच्या हाताळणीत झालेलं नुकसान आमचं. पूर्ण बॅच परत मागवली तर गोडाऊनपासूनचं गाडीभाडं कंपनीचं. क्रेडिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाचे पैसे वळते केल्याचा कागद, किती दिवसांत ते लिहायचं (तोंडी "लगेच" म्हणजे दिवाळीनंतर). आणि कंपनीच्या विम्याची कॉपी.

पहिली आणि शेवटची लगेच मान्य झाली, मलाच आश्चर्य वाटलं. क्रेडिट नोटला 45 दिवस म्हणतायत, दादा 30 वर अडलाय. भाड्याचं मात्र निम्मं-निम्मं करू म्हणतात, आणि दादा म्हणतो खराब माल तुमचा तर टेम्पोही तुमचाच.