17 फेब्रुवारी आणि फॉर्म 700 वरची सही

आज 17 फेब्रुवारी. दरवर्षी ह्या तारखेला काहीतरी लिहायला बसते आणि दोन ओळींत थांबते, आज मात्र लिहून टाकायचंच असं ठरवलंय, झोप तशीही येत नाहीये.

करुण कृष्ण मजुमदार. भारतीय हवाई दलात पायलट होते, तिथे त्यांना सगळे जम्बो म्हणायचे, अंगाने थोराड होते म्हणून. 1945 साली आजच्याच दिवशी लाहोरला हरिकेन विमानातून कसरती करताना विमान कोसळलं आणि ते गेले. वय फक्त 31.

हे नाव मला बाबांमुळे माहीत. बाबा एअरफोर्समध्ये फिटर होते, म्हणजे विमानं तपासून दुरुस्त करणारे, आणि इतर मुलांना जशा शिवाजी महाराजांच्या गोष्टी तशा मला त्यांच्या जोडीने जम्बोच्यापण गोष्टी ऐकायला मिळाल्या. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली म्हणजे बर्मातली. फेब्रुवारी 1942, आपली 1 नंबर स्क्वाड्रन लायसँडर विमानं घेऊन टाउंगूला पोचली आणि लगेच जपान्यांनी तिथल्या विमानतळावर बॉम्ब टाकले. आता लायसँडर काही बॉम्बर नव्हे, आर्मीसाठी टेहळणी करायची, तोफेचे गोळे कुठे पडतायत ते बघून सांगायचं, छोट्याशा जागेत उतरायचं, असल्या कामाचं ते विमान. पण जम्बोने त्यालाच अडीचशे पौंडी दोन बॉम्ब लावून घेतले आणि सोबतीला दोन बफेलो फायटर घेऊन थायलंडमधल्या माए होंग सोनच्या जपानी तळावर जाऊन टाकून आला, आणि दुसऱ्या दिवशी अख्खी स्क्वाड्रन घेऊन परत गेला! (बाबा त्यांना अरेतुरेच करायचे, घरातला माणूस असल्यासारखं, मीही तसंच लिहितेय.) त्याबद्दल डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, वैमानिकांना मिळणारं शौर्यपदक) मिळाला, दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारा पहिला भारतीय.

इथे बाबा हमखास थांबायचे आणि म्हणायचे, "अगं पण ते बॉम्ब लावले कोणी?" मग हरजिंदर सिंग यांची गोष्ट सुरू. इंजिनिअरिंग शिकलेला माणूस, पण हवाई सिपाही म्हणून भरती झाला. 1933 ला ही स्क्वाड्रन कराचीत सुरू झाली तेव्हा चार वापिती विमानं होती, मोजके ऑफिसर आणि 19 हवाई सिपाही, बस. हरजिंदर बर्मात जम्बोबरोबर होते आणि पुढे एअर व्हाइस मार्शल झाले, हे सांगताना बाबांची मान ताठ व्हायची.

मग 1944. जम्बो युरोपात गेला, रॉयल एअरफोर्सच्या 268 स्क्वाड्रनमधून फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर अगदी कमी उंचीवरून उडत फोटो काढायचं काम केलं, म्हणजे खालून सगळे गोळ्या झाडणार आणि तुम्ही कॅमेरा धरून सरळ उडत राहायचं. त्यातूनही सुखरूप आला. जानेवारी 1945 मध्ये दुसऱ्यांदा डीएफसी. आणि त्यानंतर महिनाभरात लाहोर.

मी तेव्हा नववीत असेन, मी म्हटलं होतं, "म्हणजे लढाईत नाही गेला, शो करताना गेला?" बाबांचा चेहरा अजून आठवतो. ओरडले नाहीत. म्हणाले, "शो काय गं, ड्यूटी होती ती. लोकांनी विमान बघावं, पोरांनी भरती व्हावं, म्हणूनच उडवत होता ना?" आणि उठून गेले. मला फार लागलं होतं ते. आपण शत्रूच्या गोळीने मेलेल्याला एक मान देतो आणि अपघात म्हटलं की आवाज खाली येतो, जणू काही चुकलंच त्याचं. खूप नंतर वाचलं की त्या युद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडची 55,573 माणसं मेली त्यातली आठ हजारांहून जास्त अपघातात गेली. ट्रेनिंगमध्ये, धुक्यात, टेकऑफला. त्यांच्या घरी तार आली तेव्हा आईला काय फरक पडला असेल?

बाबा तेव्हा का उठून गेले ते मला लग्नानंतर कळलं, तेही आईकडून. त्यांच्या तरुणपणी त्यांनी तपासलेलं एक विमान सकाळी गेलं ते परत आलंच नाही. पायलट चोवीस-पंचवीस वर्षांचा. विमान उडायच्या आधी फॉर्म 700 वर फिटरची सही असते, मी हे तपासलं, हे ठीक आहे, अशी, आणि मग पायलट सही करून विमान ताब्यात घेतो. क्रॅश झाला की पहिल्यांदा ते कागद सील होतात. चौकशीत बाबांच्या कामात काहीच दोष निघाला नाही, पण आई म्हणाली कितीतरी महिने हे रात्री उठून बसायचे आणि हाताने हवेतच पाना फिरवल्यासारखं करायचे, एकेक नट परत आवळून बघितल्यासारखं. त्या पायलट मुलाला सीटचे पट्टे पण त्यांनीच आवळून दिले होते, आणि तो "थँक यू" म्हणाला होता.

तेव्हापासून 17 फेब्रुवारीला जम्बोबरोबर मला तो दुसरा माणूसही दिसतो. त्या दिवशी लाहोरला त्या हरिकेनवर कोणीतरी सही केली असेल, चाकाखालचे ठोकळे ओढून काढले असतील, पंख्याच्या वाऱ्यात डोळे बारीक करून विमान वर जाताना बघत उभा राहिला असेल. नंतर काय केलं असेल त्याने? गर्दी तर पळत सुटली असेल, हा कुठल्या दिशेने पळाला असेल? महिन्याभराच्या आत, 12 मार्चला, भारतीय हवाई दलाच्या नावाला 'रॉयल' लागलं, मे महिन्यात युरोपातलं युद्ध संपलं, सगळीकडे जल्लोष. तो परत कामावर गेला असेलच, दुसऱ्या विमानाखाली.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मी एकदाही त्यांना त्या मुलाचं नाव विचारलं नाही, विचारायला हवं होतं. त्यांची एक निळ्या कव्हरची वही होती, तीत ते तारखा लिहून ठेवायचे. उद्या दादाला फोन करून विचारते ती त्याच्याकडे आहे का.