कॅमेरा हलत नाही तेव्हा

'लो अँगल (कॅमेरा खालून) म्हणजे पॉवर, हाय अँगल (वरून) म्हणजे बिचारा' छाप व्हिडिओंचा यूट्यूबवर नुसता पूर आलाय, आणि ते बघून शॉर्टफिल्म करणारी पोरं पण तेच करतात. अरे, तसा काही पाढा नसतो रे.

मराठी सिरीयल घ्या. कोणी काही बोललं की ढॅण, सासूच्या तोंडावर, मग जावेच्या, परत सासूच्या. क्लोजअपच क्लोजअप, त्यामुळे क्लोजअपला काही किंमतच राहत नाही. आमची आई पोळ्या लाटता लाटता नुसती ऐकते आणि तिचा एकही सीन चुकत नाही! डीओपीला, म्हणजे कॅमेरा-लाइट सांभाळणाऱ्याला, दोष नाही देत हां, रोज एपिसोड द्यायचा, दोन-तीन कॅमेरे एकदम चालू, मग कुठल्याही अँगलने चेहरा दिसेल असाच लाइट करावा लागतो, म्हणून रात्री दोनच्या सीनला पण बेडरूममध्ये लख्ख उजेड.

आता चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (2014). डीओपी मृणाल देसाई. कॅमेरा एकदा स्टँडवर ठेवला की ठेवला. कोर्टरूम लांबून दिसते, त्यात वकील, जज, आपला नंबर कधी येतोय म्हणून बसलेली माणसं, सगळे एकाच फ्रेममध्ये. आई म्हणाली, "कॅमेरावाला जेवायला गेला का?" पण ह्याच्याकडे बघ, त्याच्याकडे बघ असं कोणी सांगत नाही ना, मग आपणच शोधत बसतो. ज्याच्या आयुष्याची वाट लागलीय तो आरोपी त्या खोलीत एवढासा दिसतो, बाकीच्यांना ती फक्त पुढची तारीख. शेवटाकडे तर कोर्ट रिकामं होतं, दिवे बंद होतात, आणि कट येतच नाही, अंधार तसाच. पिक्चर संपला वाटेपर्यंत जजसाहेब पिकनिकला निघालेले असतात.

आणि ह्याच माणसाने 'द डिसायपल'मध्ये (2020, डीओपी मिखाल सोबोचिन्स्की) चक्क स्लो मोशन वापरलंय, जे आपण हिरोच्या एंट्रीला बघत आलोय. इथे शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्री रिकाम्या मुंबईत बाइकवर, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं रेकॉर्ड केलेलं बोलणं, म्हणजे सुमित्रा भावेंचा आवाज, मागे तानपुरा. रस्ता रिकामा दिसला की मुंबईकर आधी ॲक्सिलरेटर पिळतो, आणि हा तरंगत चाललाय. तेवढ्या वेळापुरतं त्याला वाटतं आपण खरंच गवई होणार. मैफिलीत त्याचा सूर लागत नाही तेव्हा स्पीड नॉर्मल.