तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांना मूल कशाला हवं?

हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, मी एचआयव्हीबाधित बायकांसोबत काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "एवढा आजार असताना त्या बायकांना मूल कशाला हवं हो?" परवा इथं इंदूरच्या रामबागेत एका काकूंनी विचारलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काळजी होती ती न जन्मलेल्या लेकराची. उभ्याउभ्या उत्तर देता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

काकू, आधी लेकराचं सांगते. काहीच उपचार केले नाहीत, तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध मिळून शंभरातल्या 15 ते 45 बाळांना आईकडून एचआयव्हीची लागण होते. 1994 साली झिडोवुडीन या एकाच औषधाच्या चाचणीत हे प्रमाण शंभरात 25 वरून 8 वर आलं. आता तीन औषधं एकाच गोळीत मिळतात. आईनं ती रोज घेतली, रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की शंभरात एखाद-दुसरं बाळ, किंवा तेवढंही नाही. आपल्या देशात 2014 पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर बाईला ही औषधं आयुष्यभर मोफत मिळतात.

आणि "त्या बायका" म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर कोण असतं? पुण्यात डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांचा अभ्यास केला होता, तो 1997 साली छापून आला. त्यातल्या ज्या देहविक्रय करत नव्हत्या, त्यांच्यातही शंभरात तेरा-चौदा जणी बाधित निघाल्या. बहुतेकींचा जन्मात एकाच पुरुषाशी संबंध आलेला, तोही लग्नाच्या नवऱ्याशी.

मी अशा बायकांशी त्यांच्या पाळीविषयी, गर्भनिरोधकांविषयी, मुलाच्या इच्छेविषयी बोलते आणि ते नोंदवते. इंदूरमध्ये बहुतेकजणी हिंदी किंवा माळवी बोलतात. एक मात्र आपल्यातली, मराठी. मी मराठीत बोलले तशी ती खुर्चीतून अर्धी उठलीच. आपण मराठी माणसं इथं एकमेकांना धरून राहतो, कुणाची मावशी कुणाच्या शेजारी हे सगळ्यांना ठाऊक. तिला तीच भीती. सासूला माहीत नव्हतं. गोळ्यांची बाटली वाजू नये म्हणून तिनं आत कापूस भरला होता. लग्नाला तीन वर्षं झालेली, घरात रोज "काही बातमी?" चाललेलं. पण मी कारण विचारलं तेव्हा सासूचं नाव तिनं काढलंच नाही. म्हणाली, "मला हवंय, ताई." मी वहीत तेवढंच लिहिलं. तुमच्या-माझ्याकडे तरी याहून वेगळं कारण कुठं होतं?

तिचं बाळंतपण जिथं झालं तिथं तिच्या केसपेपरावर लाल शाईनं मोठ्ठी खूण केली होती आणि तिला सगळ्यांच्या शेवटी घेतलं. हे आठवलं की अजून संताप येतो. एचआयव्हीविषयीच्या 2017 च्या कायद्यानं उपचारातला असा भेदभाव आणि संमतीशिवाय माहिती उघड करणं, दोन्हीला मनाई आहे. पण वॉर्डातल्या आयाबाईंपर्यंत आणि शिकाऊ डॉक्टरांपर्यंत तो कायदा पोचवणार कोण? विषाणूचं औषध हातात आहे. माझ्या कामातला अवघड भाग हा आहे.

बाळाला लागण झाली का हे तपासायला सहाव्या आठवड्यात त्याच्या टाचेला सुई टोचून कागदावरच्या गोलांत रक्ताचे थेंब घेतात. एकेक गोल पूर्ण भरावा लागतो, मग तो कागद आडवा ठेवून, उन्हापासून दूर वाळवतात. बाळ किंचाळत होतं, ती मात्र गोलांकडेच बघत होती. तोवर बाळाला रोज नेव्हिरापिन या विषाणूरोधक औषधाचं सिरप आणि फक्त अंगावरचं दूध. वरचं पाणी, मध, गुटी काही नाही. सासूबाईंना गुटीवरून कसं थोपवलं, ते तिचं तिलाच माहीत.

शेवटची तपासणी दीड वर्षाला. मुलगा टेबलावरची माझी पेनं एकेक करून खाली टाकत होता. रिपोर्ट निगेटिव्ह आला. तिनं तो दोनदा वाचला, चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाली, "ताई, याचा बूस्टरचा डोस राहिलाय, तो आजच देतील का?"