‘ॲप’चा अ

गेल्या पावसाळ्यात माझ्या डीटीपीच्या दुकानातला जुना विंडोज एक्सपीवाला संगणक गेला. बेळगावच्या शहापुरात लाईटचा खेळ चालूच असतो; त्या दिवशी ती तिसऱ्यांदा आली आणि डब्यातून जळका वास. हार्ड डिस्क मात्र शाबूत. नवा संगणक आला, विंडोज ११, आणि भाच्यानं जाहीर केलं, “मामा, आता पेजमेकर सोडा.”

पेजमेकर म्हणजे छपाईची पानं मांडायचा जुना प्रोग्रॅम. सोडतो की. पण खानापूर तालुक्यातल्या एका सौहार्द सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल मी सव्वीस वर्षं त्याच फाईलवर करतोय. दरवर्षी आकडे बदलायचे, फोटो बदलायचे, बटर पेपरवर प्रिंट काढून छपाईच्या प्लेटला द्यायची. पहिल्या पानावर अजून ‘बेळगांव’ आहे. २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारनं नाव ‘बेळगावी’ केलं, सेक्रेटरींनी काही केलं नाही.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, सन २००१. त्या काळच्या पुष्कळ प्रोग्रॅमचं इन्स्टॉलर सोळा बिटचं असायचं आणि चौसष्ट बिटच्या विंडोजवर ते चालतच नाही. माझ्या सीडीवर डबल क्लिक केलं की नुसती चौकट यायची. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाईनमध्ये सीएस६ आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या फाईल उघडायच्या, पुढच्या आवृत्त्यांत ती सोय काढली. माझ्याकडे सीएस६ नाही.

शेवटी भाच्यानंच वाट काढली. व्हर्च्युअलबॉक्स. नव्या विंडोजच्या पोटात जुनी एक्सपी. त्या हिरव्या टेकडीवर निळं आभाळ दिसलं तेव्हा, खरं सांगतो, जीव भांड्यात पडला. आत पेजमेकर बसला, फाईल उघडली, ओळ न ओळ जागच्या जागी. छपाईला पोस्टस्क्रिप्ट फाईल करायची, शेअर्ड फोल्डरनं बाहेर आणायची आणि घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रॅमनं तिची पीडीएफ. एवढं दोन संध्याकाळीत जमलं.

मग टाईप करायला गेलो आणि अडलो.

जुन्या मराठी टायपिंगच्या पॅकेजला हार्डवेअर लॉक असतं, म्हणजे संगणकाला खोचायची किल्ली; ती नसेल तर पॅकेज चालत नाही. माझं प्रिंटर पोर्टला लागणारं, जाडजूड. नव्या मदरबोर्डला ते पोर्टच नाही. फॉन्ट दिसतात, आकडे उमटतात, पण कळपट्टीवरून मराठी अक्षर येत नाही. युनिकोडमधला, म्हणजे हल्ली मोबाईलवर टाईप होतो तसला, मजकूर चिकटवला तर पेजमेकर प्रश्नचिन्हं दाखवतो, त्याला युनिकोड कळतच नाही. कन्व्हर्टर लावून पाहिला, पण आमच्या फॉन्टची मांडणी निराळी. रफार भलत्याच डोक्यावर बसला.

आकडे तर झाले. नवा परिच्छेद चारच ओळींचा होता: संस्थेनं मोबाईल ॲप आणि क्यूआर कोड सुरू केला. आता ‘ॲप’ कुठून आणायचं? नव्वद सालच्या फॉन्टमध्ये ॲ नाहीच. म्हणून ‘अहवाल’मधला अ उचलला, त्यावर ‘कॅश’वरची चंद्रकोर. ‘क्यूआर’साठी ‘शक्य’मधला क्य, ‘मूळ’चा ऊकार, ‘आर्थिक’चा आ. ‘कोड’ला ‘कोटी’चा को आणि ‘निवड’चा ड. कॉपी, पेस्ट, कॉपी, पेस्ट. चार ओळींना अडीच तास.

आमचे वडील ट्रेडल छापखान्यात कंपोझिटर होते, अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर बांधायचे. लग्नसराईत ‘श्री’चे खिळे संपायचे, मग दुसऱ्या कुणाच्या बांधलेल्या पत्रिकेतून हळूच एक काढून घ्यायचे आणि तिथं तात्पुरता उलटा खिळा ठेवायचे. एकदा तो उलटाच छापला गेला होता. आमच्या घरी ही गोष्ट ते सोडून सगळे सांगायचे. त्या अडीच तासांत मी चारदा हसलो असेन.

हे दरवर्षी करणं शहाणपणाचं नाही, मलाही कळतं. पुढल्या मार्चनंतर सगळा अहवाल युनिकोडमध्ये नव्यानं टाईप करायचाय, चाळीस पानं. भाचा मदत करतो म्हणालाय, बघू.

प्रूफ घेऊन गेलो. सेक्रेटरींनी चष्मा चढवला, ताळेबंद पाहिला, एनपीएच्या ओळीवर बोट ठेवून पुढं सरकले, नव्या परिच्छेदावर थांबले.

“सगळं बरोबर हाय. पण ह्या ॲपचा अ तेवढा जाड का दिसतोय ओ?”

मथळ्यातला ‘अहवाल’ बोल्ड होता.