पॅडवर थांबलेला थेंब

गणपती उठले की आमच्या लाँड्रीत दोन गोष्टींचा ढीग लागतो. एक म्हणजे गौरीच्या साड्या रोल पॉलिशला येतात, आणि दुसरं, कासला फुलं सुरू झालेली असतात त्यामुळे लॉजवाल्यांच्या चादरी न टॉवेल. त्या वर्षी पाऊसही थांबायचं नाव घेत नव्हता, दोरीवर टाकलेलं कापड दोन दोन दिवस दमट राहायचं, कुबट वास यायचा, म्हणून सगळा भार ड्रायरवर. त्या गडबडीत माझ्या हातून सायकलच्या शॉर्ट्सचं जे झालं ते लिहितेय, कारण साताऱ्यात आता सायकल चालवणारे खूप झालेत, सकाळी सहाला यवतेश्वरचा घाट चढणारी पोरं-पोरी रोज दिसतात, आणि ही गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही.

शुक्रवार होता. आमच्या नेहमीच्या एक मॅडम आहेत, बँकेत नोकरीला, त्यांच्या सिल्कच्या साड्या लग्न झाल्यापासून आमच्याकडेच येतात. त्या दुपारी आल्या आणि काउंटरवर पिशवी ठेवून आधी इकडे तिकडे बघितलं. म्हणाल्या, "वहिनी, दादा नाहीयेत ना दुकानात?" म्हटलं नाहीत, डिलिव्हरीला गेलेत, बसा ना. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "नको, उभीच बरी आहे मी." तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही.

पिशवीतनं त्यांनी सायकलची काळी शॉर्ट काढली, आठवड्यापूर्वी मीच धुऊन घडी घालून दिलेली. ती उलटी केली. आत बसायच्या जागी जाड पॅड असतं, दोन तळहात शेजारी शेजारी ठेवावेत एवढं. ते त्यांनी काउंटरवर सपाट केलं, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि एक थेंब सोडला. तो थेंब तसाच बसला, गोल, चकचकीत, अळूच्या पानावर बसतो तसा. त्यांनी कापड थोडं तिरकं केलं तर तो पळत कडेला गेला आणि काउंटरवर पडला. पॅड कोरडंच्या कोरडं.

"हे पाणी आत जायला पाहिजे वहिनी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं.

आता मी काय केलं होतं ते सांगते. आदल्या आठवड्यात सोमवारी त्यांनी तीन शॉर्ट्स आणून दिल्या होत्या, शनिवारी पुण्याहून दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे आहे म्हणाल्या, म्हणजे शर्यत नाही पण २०० किमी साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात, घरी सासूबाई आजारी, धुवायला सवड नाही. मी म्हटलं ठेवा, मस्त करून देते. आणि खरंच मनापासून केलं. साड्यांना वापरतो तो भारीतला कंडिशनर घातला, नेहमीपेक्षा थोडा जास्तच, कारण अंगाला लागणारं कापड आहे, मऊ पाहिजे. आणि वाळत नव्हतं म्हणून लॉजच्या चादरींबरोबर ड्रायरमध्ये, तिथे ७० अंश लावलेले असतात. शॉर्ट्स बाहेर आल्या त्या मऊशार, सुगंधी. घडी घालताना मलाच बरं वाटलं होतं.

मॅडमनी शनिवारी त्यातलीच एक घातली. खंबाटकी घाट चढेपर्यंतच आत चिकचिक व्हायला लागलं होतं म्हणे. एरवी घाम पॅडच्या वरच्या कापडातनं ओढला जातो, पसरतो आणि वाळतो, त्या दिवशी तो कातडीवरच राहिला. ओली कातडी, वर अंगाचं वजन, त्यात पायाची हालचाल तासाला हजारो वेळा. परत येताना शेवटचे साठ किलोमीटर त्या पेडलवर उभ्या राहून राहून आल्या. ब्रेव्हे वेळेत पूर्ण केली, पण दुसऱ्या दिवशी बसता येईना, ताप भरला, आणि त्वचेच्या डॉक्टरकडे गेल्या तर केसांच्या मुळाशी जंतू जाऊन गळवं झालेली, औषध दिलं आणि सायकल पूर्ण बंद. बँकेत दोन दिवस रजा टाकली, तिसऱ्या दिवशी उशी घेऊन गेल्या, कारण काय सांगितलं तर कंबर धरलीय. हे सगळं त्यांनी मला अगदी हळू आवाजात सांगितलं, दुकानात आम्ही दोघीच असून.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं सांगू का, की हे मला माहीत होतं. लॉजच्या टॉवेलांना आम्ही कंडिशनर कधीही घालत नाही. सासऱ्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलेलं, कंडिशनर धाग्यावर मेणचट पापुद्रा धरतो, हाताला मऊ लागतं पण टॉवेल पाणी पीत नाही, अंगावरनं नुसता फिरतो. हे पॅड म्हणजे एका अर्थी टॉवेलच आहे, त्याचं काम ओलावा ओढायचं आहे, आणि मी त्याला साडी समजून धुतलं.

शिवाय लेबल होतं. मॅडम गेल्यावर मी त्यांनी ठेवून गेलेल्या तिन्ही शॉर्ट्स उलट्या करून कंबरेच्या शिवणीत बघितलं, बोटभर पांढरी पट्टी, अर्धी पुसट झालेली. पाण्याच्या टबमध्ये ३० आकडा आणि टबाखाली एक रेघ, म्हणजे तीस अंशांच्या आत आणि मशीनच्या हलक्या धुण्यावर. त्रिकोणावर फुली, म्हणजे ब्लीच नाही. चौकोनात गोल आणि त्यावर फुली, म्हणजे ड्रायर नाही. इस्त्रीवर फुली. नुसत्या गोलावर फुली, ड्रायक्लीन नाही. ही चित्रं वाचणं माझा रोजचा धंदा आहे, ब्लेझर आला की मी आधी लेबल शोधते, पण चड्डीसारखी दिसणारी वस्तू म्हणून मी शिवण उलटी करून बघितलीसुद्धा नाही.

संध्याकाळी मिस्टर आले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले पावतीमागे छापलंय ना, कपडा खराब झाल्यास दुकान जबाबदार नाही. छापलंय, सगळेच छापतात. पण मला ते पटलं नाही. आमच्या दुकानात गाडगेबाबांचा फोटो आहे, रोज सकाळी त्याला हार घालून शटर वर करतो आपण, आणि स्वच्छ धुऊन दिलेल्या कापडानं एका बाईला ताप आला तर पावती दाखवायची का? त्या रात्री आमचं थोडं वाजलं. नंतर तेच म्हणाले, कर तुला काय करायचंय ते.

मग तीन दिवस माझं तेच चाललं. कासचं पाणी नळाला येतं तेच भरून घेतलं, दुकानातल्या बोअरचं पाणी जड आहे, त्यात साबण नीट निघत नाही, पांढरा थर बसतो. कोमट पाणी, हाताला जेमतेम गरम लागेल एवढं, त्यात लिक्विड डिटर्जंट अगदी चमचाभर, शॉर्ट उलटी करून अर्धा तास भिजवायची आणि पॅड तळहातानं नुसतं दाबायचं, सोडायचं, दाबायचं. पिळायचं नाही, ब्रश नाही. पहिल्या पाण्याला नुसता वास सुटला कंडिशनरचा, बादलीभर. मग चार-पाच वेळा साधं पाणी. मग वाळवून थेंब टाकून बघायचा. पहिल्या दिवशी थेंब तसाच उभा. दुसऱ्या दिवशी खळबळायच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घातलं, थेंब जरा पसरला, पण आत जाईना. तिसऱ्या दिवशी दोन शॉर्ट्सवर थेंब टाकला आणि डोळ्यांदेखत काळा डाग पसरला आणि थेंब दिसेनासा झाला. मी मुलीला हाक मारून दाखवलं.

तिसरी मात्र गेली. तिला उष्णतेनं खाल्लं होतं. मांडीच्या पट्ट्या लहरी लहरी झालेल्या, ताणलं की परत येईनात. लायक्राचा धागा आहे तो, त्याला ताण चालतो पण गरमी चालत नाही आणि क्लोरीन तर अजिबातच नाही. आणि पॅडला बाजूनं हात लावला तर आत काहीतरी सरकलं.

मी मॅडमना फोन केला, सांगितलं दोन सुधारल्या, तिसरी घालू नका, तिचे पैसे मी देणार. त्या नको नको म्हणाल्या, शेवटी अर्ध्यावर तडजोड झाली. ती शॉर्ट मी मागून घेतली आणि पॅड मधोमध कात्रीनं कापलं, आत काय आहे ते मला बघायचंच होतं. वर पातळ, मखमलीसारखं कापड, खाली फोमचे दोन थर, एक मऊ न एक चांगला घट्ट, बसायच्या हाडांच्या जागी घट्ट जास्त जाड. थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ड्रायरमध्ये तो चिकटा सुटला होता आणि वरच्या कापडाला आतनं सुरकुती आली होती, भाताच्या दाण्याएवढी. दोनशे किलोमीटर ती एक सुरकुती एकाच जागी घासली तर काय होईल, ते मला तेव्हा कळलं.

मॅडम नंतर दुकानात बसून (आता बसत होत्या) मला बरंच काही सांगून गेल्या. सायकलवाले या पॅडला शॅमी म्हणतात, ते युरोपातल्या डोंगरात राहणाऱ्या शेळीसारख्या एका जनावराचं नाव, पूर्वी खरंच त्याचं कातडं लावायचे आणि धुतलं की ते कडक व्हायचं म्हणून मलम चोळून मऊ करायचे. आता सगळं सिंथेटिक. आणि शॉर्टच्या आत चड्डी घालायचीच नसते, हे मला नवीन होतं. त्यांच्या ग्रुपमधले निम्मे पुरुष घालतात म्हणे, सुती चड्डी घाम धरून ठेवते आणि तिची शिवण बरोबर तिथेच रुतते. काही जण तर आज घातलेली शॉर्ट उन्हात टाकून उद्या परत घालतात, वास येत नाही म्हणून. हे ऐकून मला राहवेना. वास नाही म्हणजे जंतू नाहीत असं कुणी सांगितलं? एकदा घातली की धुवायची, विषय संपला.

आता ग्रुपमधले बरेच जण आमच्याकडे टाकतात. मी एकच हट्ट धरते, घामाची शॉर्ट बॅगेत कोंबून दोन दिवसांनी आणू नका, घरी आल्या आल्या साध्या पाण्यातून काढा, मग सावकाश आणा. धुवायला वेळ नसेल तर अंगावरची शॉर्ट अंघोळ करतानाच साबण लावून धुऊन टाका, तेवढंही पुरतं. आमच्याकडे आली की जाळीच्या पिशवीत, उलटी करून, गार पाण्यात, आणि सायकलचे हातमोजे त्याबरोबर कधीच नाहीत, कारण त्यांचं वेल्क्रो लायक्राला धरतं आणि धागे ओढतं. पाणी काढायला कोरड्या टॉवेलात गुंडाळी करून दाबते, आणि पॅड बाहेरच्या बाजूला ठेवून सावलीत दोरीवर, पावसाळ्यात पंख्याखाली. पॅडला वेळ लागतो, कापड वाळलं तरी ते आतनं ओलं असतं, मधोमध चिमटीत धरून बघावं लागतं. त्यामुळे पावसात मी दोन दिवस मागते, घाई असेल त्याला सरळ नाही म्हणते.

कापलेलं पॅड काउंटरमागे खिळ्याला टांगलंय. परवा एक कॉलेजचा मुलगा आला, पिशवी ठेवून लगेच निघाला होता, चालताना पाय जरा फाकवून टाकत होता. मी त्याला थांबवलं, पॅड खाली काढून त्यातली सुरकुती त्याच्या बोटाला लावून दाखवली, आणि विचारलं, बाळा दुखतंय का, किती दिवस झाले. आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, आठ दिवस. त्याला मॅडमच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला आणि म्हटलं, शॉर्ट शुक्रवारी ने, सायकल चालवण्याबद्दल डॉक्टर काय म्हणतात ते मला येऊन सांग.