घोडबंदरचा घोडा आणि जर्मनचा सांधा

जर्मनीत नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या काही परिचारिकांना मी नौपाड्यातल्या माझ्या घरी संध्याकाळी जर्मन शिकवते. 'ब्लूटड्रुकमेसगेरेट' हा शब्द फळ्यावर आला की हशा पिकतो. परंतु 'ब्लूट' म्हणजे रक्त आणि 'ड्रुक' म्हणजे दाब एवढे सांगताच कुणीतरी 'अहो, रक्तदाबमापक!' असे म्हणून मोकळी होते. शाळेत तत्पुरुष समास घोकलेल्या माणसाला जर्मन जोडशब्दाचे निम्मे व्याकरण आधीच येत असते, कारण तिथेही प्राधान्य शेवटच्या पदाला आणि लिंगही त्याचेच. 'तो देव' आणि 'ते घर' मिळून 'ते देवघर' होते, तसेच स्त्रीलिंगी 'हांट' म्हणजे हात आणि पुल्लिंगी 'शू' म्हणजे बूट मिळून पुल्लिंगी 'हांटशू' होतो. आपण हातात मोजा घालतो, ते बूट घालतात, इतकाच फरक.

तरीही सुरुवातीला सगळ्याजणी 'हाउसश्लुसल' न लिहिता 'किल्ली, घराची' अशा उलट क्रमाने वाक्य लांबवतात. हा इंग्रजीमार्गे विचार करण्याचा परिणाम असावा, कारण मराठीत घर आधीच येते.

खरी अडचण दोन पदांच्या सांध्यात आहे. घोडबंदर रस्त्याने रोज ये-जा करणारीला मी विचारते, की घोड्याचा 'आ' कुठे गेला? तसाच 'शूले' या शब्दातला शेवटचा 'ए' 'शूलबूख'मध्ये, म्हणजे शाळेच्या पुस्तकात, गळतो. हे पटते. मात्र 'आर्बाइट' म्हणजे काम आणि 'त्सिमर' म्हणजे खोली यांच्यामध्ये 'स' येऊन 'आर्बाइट्सत्सिमर' होते, ते पटत नाही. त्याला षष्ठीचा प्रत्यय म्हणावे, तर 'आर्बाइट' स्त्रीलिंगी आहे आणि स्त्रीलिंगी सामान्यनामाला षष्ठीत 'स' लागतच नाही. 'टाग', म्हणजे दिवस, हा शब्द तर 'टागट्राउम', 'टागेबूख' आणि 'टागेस्लिख्ट' अशी तीन रूपे दाखवतो: दिवास्वप्न, रोजनिशी आणि दिवसाचा उजेड. 'उंग', 'हाइट' किंवा 'शाफ्ट' यांनी संपणाऱ्या पदांपुढे 'स' येतो, हा नियम भरवशाचा. बाकीचे शब्द मी पहिल्या पदानुसार गट करून मोठ्याने म्हणवून घेते.

गेल्या आठवड्यात एकीने वहीत 'ब्लूट्सड्रुक' लिहिले. महिनाभर 'स' विसरणारी ती आता नको तिथेही तो घालू लागली आहे. मी लाल पेनने तो खोडला, पण मनातून खूश झाले.