तुम्ही विचारलंत म्हणून: कुळागर ते ग्रीन कार्ड

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हमखास कुणीतरी गाठतं. "वकीलबाई, तुम्ही तर जमिनीची कामं करायचात. या करोडपतींच्या व्हिसात कशा शिरलात?"

जमिनीच्या कागदांनीच आणून सोडलं. सनद घेतल्यावर एका ज्येष्ठ वकिलांकडे इन्व्हेंटरीच्या फायली वाहायचे. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेची मोजदाद आणि वाटणी, ती इन्व्हेंटरी. जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये, त्यात कामतांचं 'कामोतीं' आणि प्रभूंचं 'पोरोबो' झालेलं. तीन कागदांवरचा तीन नावांचा आजोबा एकच, हे पटवून देता देता धंदा शिकले. मग १९६१ आधी, पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्यांची मुलंनातवंडं पोर्तुगीज पासपोर्टसाठी त्याच नोंदी शोधत आली. तो घेतलात की भारताचं नागरिकत्व जातं, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. काही जण चहा अर्धा टाकून उठतात.

२०१२ मध्ये पोर्तुगालने गोल्डन व्हिसा, म्हणजे तिथे पैसे गुंतवणाऱ्याला राहायचा परवाना, काढला आणि पैसेवाले चौकशीला येऊ लागले. घर घेऊन तो मिळवायची वाट २०२३ मध्ये बंद झाली, तरी अजून कुणीतरी लिस्बनच्या फ्लॅटचे फोटो घेऊन येतोच.

आता जास्त काम अमेरिकेच्या ईबी-५ चं, म्हणजे गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणाऱ्या व्हिसाचं. ठरावीक भागांत ८ लाख डॉलर गुंतवायचे, एरवी साडेदहा लाख, आणि त्यातून दहा जणांना पूर्णवेळ नोकऱ्या. अर्ज तिथला वकील भरतो, त्यावर माझी सही नसते. पैसा आला कुठून, याची फाईल मात्र माझी. लोकांना वाटतं रक्कम जमली की झालं. अहो, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. आठ लाख एकट्याने पाठवायचे तर चार आर्थिक वर्षांत विभागून पाठवावे लागतात.

पैसा जमीन विकून आलेला असेल तर खरी गंमत विक्रीखतात. तिकडचा अधिकारी विचारतो, जमीन भावांची, मग या बायकांच्या सह्या कशाला? १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून चालत आलेला आमचा गोव्याचा कायदा त्याला समजावायचा: लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवराबायकोची सामाईक, एकाला परस्पर विकता येत नाही. हे समजावणारं दोन पानांचं टिपण मी लिहिलंय, त्याचा मला, खोटं कशाला बोलू, पदवीपेक्षा जास्त अभिमान आहे.

सध्या फोंड्याचं एक कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, विकायचं चाललंय, मुलाला अमेरिकेला धाडायला. गिऱ्हाईक तयार आहे, तीन भाऊ तयार, दोन जावा तयार. धाकटीची सही अडलीय. ती इंग्लंडमध्ये स्विंडनला असते, पोर्तुगीज पासपोर्टवर. तिचे कागद मीच केले होते.